हजेरीचा कागद काढतोय, पालक आणि कोच लोकांनी सल्ला द्या (१३ वर्षांखालचा फुटबॉल)

पेठेतला_सर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पेठेतली १३ वर्षांखालची पोरं सकाळी खेळवतो. पगार नाही, हौस. साडेसहाला ग्राउंड, आठला आटपायचं आणि तसंच गोकुळ शिरगावला फौंड्रीत पळायचं.

अडचण अशी आहे. आठवडाभर ग्राउंडवर दहा-बारा टाळकी असतात. शनिवारी ग्रुपवर 'उद्या मॅच' टाकलं की रविवारी वीस-बावीस हजर, वर प्रत्येकाचा बाप टचलाईनला. आठवडाभर घाम गाळलेलं पोरगं बाकावर बसलं की त्याचं तोंड बघवत नाही. न आलेल्याला बसवलं तर त्याच्या बापाचं बोलणं ऐकवत नाही. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडून खेळला, ते सगळ्या बापांना पाठ आहे. त्यासाठी तो लहान वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिला, ते कुणी काढत नाही.

म्हणून नियमांचा कागद काढून पालकांची सही घ्यायची म्हणतोय. कच्चा मसुदा असा: महिन्यात ७५ टक्के हजेरी नसेल तर मॅचला नाव नाही. उशीर झाला तर ग्राउंडला पाच फेऱ्या. शिवी दिली तर त्या दिवशी घरी. रेफ्रीशी हुज्जत घातली तर पुढची मॅच बाहेर.

शिव्यांचं जरा सांगतो. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे तालमी आणि पेठा, संघ त्यांच्याच नावाचे. पोरं बापाच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमवर मॅच बघत मोठी होतात. गॅलरीत जे ऐकलं तेच इथं येऊन बोलतात. बारा वर्षांच्या पोराला ती खेळाचीच भाषा वाटते, आणि त्याला दोष तरी कुठल्या तोंडानं द्यायचा?

आता खरा गुंता. एक डावखुरं पोरगं आहे. चेंडू पायाला चिकटवून आणल्यासारखं खेळतंय. प्रॅक्टिसला मात्र मनात आलं तर येणार. आणि टीमचे टी-शर्ट त्याच्या काकांनी दिलेत. पुढच्या महिन्यात सेव्हन-ए-साइड (सात-सात जणांची) स्पर्धा आहे. काय करू?

आठवीची_आई

दादा, माझा मुलगा दुसऱ्या टीममध्ये आहे, आमच्याकडंही असाच कागद आला होता. ७५ टक्के वाचून मी त्याच रात्री हिशोब मांडला. आठवड्याला तीन दिवस म्हणजे महिन्याला बारा-तेरा प्रॅक्टिस. तीन बुडाल्या की काठावर. त्यात एकदा ताप आला आणि दिवाळीला मामाकडं गेला की संपलंच.

उशिराच्या फेऱ्या काढून टाका. या वयाचं पोर येत नाही, त्याला आणलं जातं. माझी हॉस्पिटलात पहिली पाळी, हे रात्रपाळी करून झोपलेले, त्यात सायकलची हवा गेलेली. फेऱ्या खरं तर आम्हा दोघांना मारायला लावायला पाहिजेत.

आमच्या कोचनी एक सोय बरी केलीय. येणार नसेल तर आदल्या रात्री नऊच्या आत मुलानं स्वतःच्या आवाजात ग्रुपवर सांगायचं. आईनं टाइप केलेलं चालत नाही. 'सर, उद्या स्कॉलरशिपचा सराव पेपर आहे' एवढं एक वाक्य बोलायला आमच्या चिरंजीवांनी पहिल्यांदा अर्धा तास घेतला. असा सांगून राहिलेला दिवस हिशोबात धरतच नाहीत. न सांगता राहिला तर धरतात.

जुना_हाफ

आमच्या वेळी हजेरी-बिजेरी काय नव्हती. वस्ताद काठी घेऊन उभे, सगळे पाचला हजर. दोन ठेवून द्या, आपोआप येतील.

पेठेतला_सर

काका, काठीला भिऊन जी पोरं घरी बसली ती तुमच्या टीमच्या फोटोत नाहीत, म्हणून सगळे हजर दिसतात.

शिट्टीवाला

मी जिल्ह्यात रेफ्री म्हणून उभा राहतो. तुमच्या मसुद्यात हुज्जतीला मोठी शिक्षा आणि शिवीला छोटी, हे उलटं झालंय. नियमात निर्णयावर कुरकुर, हातवारे केले तर पिवळं कार्ड. घाण, अपमानाची भाषा वापरली तर थेट लाल, मग ती समोरच्याला असो, रेफ्रीला असो की स्वतःच्याच गोलीला. गोली आपला आहे म्हणून सूट नाही. पोरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरं, लहान गटांसाठी तात्पुरतं बाहेर बसवायची सोय नियमात आहे, 'सिन बिन' म्हणतात. मॅचच्या एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के. वीस-वीस मिनिटांची मॅच असेल तर पाचेक मिनिटं. ही शिक्षा पिवळ्याच्या गुन्ह्याला, लालच्या नाही. स्पर्धेत वापरायची तर संघटनेची परवानगी लागते, पण तुमच्या आपापसातल्या मॅचला कोण अडवतंय? पाच मिनिटात पोराचं डोकं शांत होतं आणि सहा जणांवर खेळायची वेळ आली की बाकीचेच त्याला समजावतात.

कागदावर आणखी एक ओळ घाला: बाळी, कडं, अंगठी, रबरी बँड घरी ठेवून यायचं. वरनं चिकटपट्टी लावलेली चालत नाही. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचं पॅड, नसेल तर आत घेत नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी यावरनं जेवढी रडारड बघितलीय तेवढी हरल्यावर बघितली नाही.

आणि २०१९ पासून कार्ड कोचलाही दाखवता येतं, तेव्हा खाली तुमचीही सही असू दे. बापांना दाखवता येत नाही, दुर्दैवानं. टचलाईनवरनं कुणाचा बाप फारच सुटला तर मी खेळ थांबवतो आणि त्याला आवरायला कोचला सांगतो.

पिंपरीतनं

डावखुऱ्याबद्दल कुणीच बोलेना. मी इकडं पिंपरीत पोरं खेळवतो. आमच्याकडं हजेरीवर फक्त एक गोष्ट ठरते: पहिल्या शिट्टीला आत कोण. बाकी ग्राउंडवर आलेला प्रत्येक जण खेळतोच. लहान गटांत बाहेर काढलेल्याला पुन्हा आत घ्यायची मुभा बहुतेक आयोजक देतात, आधी विचारून घ्या. म्हणजे तुमच्या डावखुऱ्यानं पहिला हाफ बाकावर काढायचा, दुसऱ्यात उतरायचं. तोवर दोन गोल खाल्ले तर खाल्ले. हे तुम्हाला सोसणार नसेल तर कागद काढूच नका, कारण पोरं नियम वाचत नाहीत, तो कुणाला लागू झाला ते बघतात.

शर्टाचं म्हणाल तर काकांना पहिला कागद तुम्हीच नेऊन दाखवा, स्पर्धेच्या आधी. मॅचच्या सकाळी कळलं तर तो अपमान होतो.

आणि पोराला विचारलंय का, का येत नाही? आमचा असाच एक होता. मी रांग लावून गोलवर शॉट मारायला लावायचो. वीस जणांच्या रांगेत अर्ध्या तासात चार चेंडू वाट्याला येणार, तो कंटाळणारच. मग छोटे गोल मांडून चार-चारच्या मॅच लावल्या. चेंडू जास्त लागले, दोन फाटकेही वापरात काढले, पण तो यायला लागला. त्याच्याबरोबर दुसरेही तिघं-चौघं आले, ज्यांच्याकडं माझं लक्षही नव्हतं.

पेठेतला_सर

सगळ्यांचे आभार. रांगेचं लागलं मला. आमच्याकडंही शॉटला रांगच असते.

फेऱ्या काढून टाकल्या. टक्केही काढून टाकले, न सांगता राहिलेले दिवस मोजणार. महिन्यात असे दोन झाले की पुढच्या मॅचला पहिला हाफ बाकावर, मग पाय डावा असो की उजवा. हुज्जतीला पाच मिनिटं बाहेर. शिवीला ती मॅच संपली आणि पुढचीही नाही. बापानं टचलाईनवर शिवी दिली तर काय, ते अजून सुचलं नाही. पोराला बाहेर काढणं पटत नाही, त्यानं काय केलंय? काकांकडं गुरुवारी जातोय, कागद घेऊन.

एकच राहिलं. सही कुणाची घ्यायची, वडिलांची की आईची?

आठवीची_आई

आईची. आणि बापांना चेंडू आणायच्या कामाला लावा. नऊ-दहा चेंडू टचलाईनबाहेर जातातच, तेवढं पळून दम लागला की बोलणं कमी होतंय.