उबुंटूवरून सॉफ्टवेअर पूर्ण कसं काढायचं?

प्रश्न: सोलापुरात चादरींचं दुकान आहे आमचं, तिथल्या कॉम्प्युटरवर उबुंटू (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) आहे, जुनं बिलिंग सॉफ्टवेअर अ‍ॅप्ट रिमूव्ह या कमांडनं काढलं तरी सेटिंगच्या फायली तशाच राहिल्यात, काय करू?

उत्तर: रिमूव्ह सेटिंग ठेवतंच. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्कानं) अ‍ॅप्ट पर्ज (सेटिंगसकट काढायची कमांड) आणि पुढं पॅकेजचं, म्हणजे त्या सॉफ्टवेअरचं, नाव टाका, मग सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह (आता न लागणारी जोडीची पॅकेजं काढतं), पण वाय दाबायच्या आधी यादी नीट वाचा बरं का, कामाचं काही जात असेल तर थांबा.

उत्तर: पर्ज होम फोल्डरला हात लावत नाही. तिथं कंट्रोल एच दाबलं की लपलेल्या फायली दिसतील. आधी बिलांचा बॅकअप घ्या दादा, अख्खा हिशोब असतो त्यात!

उत्तर: सॉफ्टवेअर स्नॅपवालं (उबुंटूवरचा पॅकेजचा दुसरा प्रकार) असेल तर स्नॅप रिमूव्ह वापरा, डेटाचा स्नॅपशॉट (जपून ठेवलेली प्रत) सहसा ३१ दिवस राहतो.