अडीच वर्षांच्या मुलीला एमआरआयसाठी भूल: काय विचारून घेऊ?

सांगलीकर_बाबा
मुलगी अजून धरूनच उभी राहते, अंग ढिलं आहे, अधूनमधून फिट येते. रक्तातलं लॅक्टेट (शरीरात ऊर्जा नीट तयार झाली नाही की साचणारं आम्ल) वाढलेलं, आजाराला अजून नाव नाही. आता मेंदूचा एमआरआय आणि पुढच्या महिन्यात स्नायूची बायोप्सी सांगितलीय. माझी आई म्हणते, एवढ्याशा पोरीला दोनदा भूल दिली तर डोकं मंद होईल. सेंटरवाल्यांनी फोनवर "रात्री १२ नंतर काही देऊ नका" एवढंच सांगितलं. नंबर दुपारी २ चा आहे.

चिनूची_आई
तिथे भूलतज्ज्ञ असतात का ते आधी विचारा. आमच्या चिनूला नुसतं झोपेचं सिरप पाजलं होतं. मशीनचा ठोकठोक आवाज सुरू झाला नि पठ्ठ्या उठून बसला.

भूलवाली_नाशिक
दादा, १४ तास उपास अजिबात नको. ढिलं अंग आणि वाढलेलं लॅक्टेट म्हटल्यावर आम्ही भूलतज्ज्ञ मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) आजार गृहीत धरूनच चालतो. अशा मुलांची उपाशीपोटी साखर उतरते, लॅक्टेट आणखी चढतं. जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, साखरपाणी २ तास आधीपर्यंत चालतं. सकाळचा पहिला नंबर मागा. फिटचं औषध त्या दिवशीही चुकवायचं नाही, घोटभर पाण्याबरोबर द्यायचं.

निदान झालेलं नाही, हे भूलतज्ज्ञाला स्वतः सांगा. (पुष्कळ पालक आम्हाला सही घ्यायला आलेला माणूस समजतात!) आमची अडचण अशी: स्नायूंचे काही आजार असतील तर भुलेच्या वायूने स्नायू विरघळून पोटॅशियम चढू शकतं, म्हणून वायू टाळून प्रोपोफॉल (शिरेतून द्यायचं भुलेचं औषध) द्यावं, पण मायटोकॉन्ड्रियाचा आजार असेल तर तेच तासन्‌तास चालू ठेवणं नको. सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) मात्र अशा मुलांत टाळायचंच. कोणती बाजू जड ते ठरवायला सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी) लागतं. झालंय का? आणि घरात, आजोळी धरून, भुलेत कुणाला जोराचा ताप चढला होता किंवा कुणी दगावलं होतं का, तेही विचारा.

आजींची काळजी उगाच नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ मध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांहून लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल इशारा दिला होता. पण तान्हेपणी तासाभराच्या आतली एकच भूल मिळालेली मुलं एका मोठ्या अभ्यासात पाचव्या वर्षी, कमरेत इंजेक्शन देऊन जागेपणी ऑपरेशन झालेल्या मुलांइतकीच हुशार निघाली. म्हणून एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणं, बेरा (ऐकण्याची तपासणी), बायोप्सी, जे खरंच लागणार असेल ते एकाच भुलेत उरकता येईल का विचारा. त्यासाठी सेंटर नाही, मोठं हॉस्पिटल लागेल. त्याहून आधी न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा: रक्तातून एक्झोम (जनुकांची) तपासणी केली तर बायोप्सी टळेल का? बऱ्याचदा टळते.

सांगलीकर_बाबा
सीपीके झालेलं नाही. उद्याच विचारतो. तिला चार दिवस सर्दी आहे, चालेल का?

भूलवाली_नाशिक
नुसतं पातळ नाक वाहतंय आणि खेळतेय, तर बघून ठरवता येतं. ताप किंवा ओला खोकला असेल तर दोन-तीन आठवडे पुढे ढकला. ढिल्या अंगाच्या मुलांना खोकून कफ काढता येत नाही. बाकी, सध्याचं वजन आणि औषधांच्या मात्रा एका कागदावर लिहून न्या.