सहा स्टेशनं, पाच दिवस, जिओडेसीची मोहीम: शेड्यूल नेमकं कधी गोठवायचं?

रेसिड्युअल

नमस्कार मंडळी. मी मूळची विश्लेषणवाली. कोरिलेटरकडून (सगळ्या स्टेशनांचे सिग्नल जुळवून बघणाऱ्या केंद्राकडून) डेटा आला की त्यातून यूटी1 (पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरणारी वेळ) आणि ध्रुवगतीचे आकडे काढायचे, रेसिड्युअलचे (मोजलेलं आणि अपेक्षित यांतल्या फरकाचे) आलेख बघून स्टेशनांना नावं ठेवायची, इतकंच आजवर केलं. त्याची फेड आता करतेय. सहा स्टेशनांची, सलग पाच दिवसांची व्हीएलबीआय (लांब लांबच्या रेडिओ दुर्बिणींनी एकाच वेळी एकच क्वेसार, म्हणजे दूरचा रेडिओ स्रोत, बघून पृथ्वी मोजायची पद्धत) मोहीम जुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एस/एक्स बँड (दोन रेडिओ पट्टे), 512 मेगाबिट प्रतिसेकंद, चार अँटेना उत्तरेला आणि दोन दक्षिण गोलार्धात.

शेड्यूल, म्हणजे कोणी कधी कुठल्या स्रोताकडे बघायचं त्याची फाइल, झालंय. खरं सांगायचं तर चौदा शेड्यूलं झालीत. निकषांची वजनं बदलायची, पुन्हा सिम्युलेशन चालवायचं, पुन्हा बदलायची. तेराव्यात आणि चौदाव्यात यूटी1 च्या अपेक्षित त्रुटीत फरक शोधावा लागतो, तरी हात थांबत नाही.

घोडं पेंड खातंय ते माणसांपाशी. एका स्टेशनला तिसऱ्या दिवशी सहा तास अँटेना दुसऱ्या कामाला हवी आहे. दुसऱ्याला रोज अर्धा तास देखभालीला हवा. तिसऱ्याचं नेट इतकं हळू आहे की डेटा कधी पोचेल हे ते स्वतःच सांगत नाहीत. माझा बेत असा: सगळ्यांनीच रोज 0 यूटीला (जागतिक वेळेच्या मध्यरात्री) अर्धा तास थांबायचं, म्हणजे पाच दिवसांचे पाच स्वच्छ तुकडे पडतील. आणि मध्येच कोणी बंद पडलं तर लगेच उरलेल्या पाचांचं नवं शेड्यूल करून पाठवायचं. बरोबर आहे का? फाइल किती दिवस आधी गोठवता तुम्ही?

रात्रपाळी

दोन्ही बेत रद्द करा. रागावू नका, मी अठरा वर्षं टेलिस्कोपच्या कंट्रोल रूममध्ये रात्री काढल्यात, त्यामुळे बोलणं जरा तसंच आहे.

आधी ते नवं शेड्यूल. पहाटे तीनला एक स्टेशन पडतं. तुम्ही जाग्या होता, पाचांचं शेड्यूल करता, पाठवता. दोन स्टेशनं ते उचलतात, एकाचा ऑपरेटर जेवायला गेलेला असतो, एकाची पाळी बदलत असते आणि नवी फाइल जुन्याच नावाने डाउनलोड होते. आता पाच अँटेना दोन वेगवेगळ्या क्वेसारांकडे बघतायत. एक स्टेशन गेलं तर फक्त त्याच्या बेसलाइन (दोन स्टेशनांच्या जोड्या) जातात. सहा स्टेशनांच्या बेसलाइन पंधरा, त्यातल्या पाच गेल्या, दहा शिल्लक. दोन फाइली फिरायला लागल्या तर काय शिल्लक आहे हे मोजायलाही कोणी धजत नाही. त्यामुळे बाकीच्यांनी जसं चाललंय तसं चालू ठेवायचं, आणि पडलेलं स्टेशन उठलं की त्या घटकेला फाइलमध्ये जो स्कॅन (एका स्रोताचं एक निरीक्षण) आहे तिथून आत शिरायचं. मागचे हुकलेले स्कॅन भरून काढायचे नाहीत. हे वेगळं सांगावं लागतं बरं का, कारण मन लावून काम करणारा नवा ऑपरेटर नेमकं तेच करायला जातो.

आता 0 यूटीचा अर्धा तास. आयव्हीएसच्या (आंतरराष्ट्रीय व्हीएलबीआय सेवेच्या) कॉन्ट नावाच्या सलग मोहिमा पंधरा-पंधरा दिवस चालायच्या. 2008 च्या कॉन्टपासून त्यांनी दिवस 0 यूटी ते 24 यूटी असा धरला, पण देखभालीच्या वेळा मुद्दाम एकमेकांपासून लांब ठेवल्या. एक स्टेशन तपासणीला थांबलं तरी बाकीचं जाळं बघतच असतं. तुमच्या पद्धतीने रोज एकाच वेळी सगळ्या मालिकेला भोक पडेल, आणि ते नेमकं दोन दिवसांच्या सांध्यावर. ज्याला अर्धा तास हवा त्याला त्याच्या सोयीची वेळ विचारा आणि ती शेड्यूलमध्येच डाउनटाइम म्हणून घाला. सहा तासांचंही तेच. तोंडी कबूल केलेला डाउनटाइम पाळीबदलात हरवतो.

कॅलेंडरही बघा. आयव्हीएसच्या दर आठवड्याच्या सेशनांपैकी आर1 सोमवारी सुरू होतं, आर4 गुरुवारी. कुठलेही सलग पाच दिवस घ्या, त्यात सोमवार किंवा गुरुवार येणारच. तुमच्या सहापैकी कोणी त्या आठवड्यात तिथे बांधलेलं आहे का, किंवा रोजच्या तासाभराच्या इंटेन्सिव्हमध्ये (यूटी1 साठीच्या छोट्या सेशनमध्ये) आहे का, हे आत्ता विचारा. स्टेशनं 'हो' पटकन म्हणतात. वेळापत्रक नंतर उघडतात.

आता खरं दुखणं. तुमची चौदाही शेड्यूलं कॅटलॉगमधल्या अँटेनासाठी आहेत. शेतात उभी असलेली अँटेना वेगळी असते. आमच्याकडे एकदा गिअरबॉक्सचं काम झालं आणि अझिमथचा (आडव्या वळण्याचा) वेग तात्पुरता निम्म्यावर आणला. सेकंदाला 3 अंशांचा दीड अंश. कॅटलॉगमध्ये 3 च राहिला, कारण 'तात्पुरता' होता ना. पुढच्या सेशनला शेड्यूलने आम्हाला एका मिनिटात 180 अंश वळायला सांगितलं. आम्हाला लागली दोन मिनिटं, आणि स्कॅन साठ सेकंदांचा. डिश स्रोतावर पोचायची तेव्हा बाकीचे पुढच्या स्रोताकडे निघालेले असायचे. लॉगमध्ये एकाखाली एक नुसतं 'स्ल्यूइंग', 'स्ल्यूइंग', म्हणजे अजून वळतोय. त्यात केबलची गुंडाळी. शेड्यूलच्या मते आम्ही घड्याळाच्या दिशेच्या वळणावर, प्रत्यक्षात उलट्या, म्हणून एका स्कॅनसाठी जवळजवळ पूर्ण गिरकी घ्यावी लागली. शेवटी मी हाताने दोन स्कॅन सोडून दिले, डिश योग्य वळणावर आणून उभी केली आणि मग गाडी रुळावर आली.

म्हणून प्रत्येक स्टेशनला आजच चार गोष्टी विचारा: सध्याचा वेग, सध्याची उंचीच्या कोनाची आणि अझिमथची मर्यादा, दोन्ही बँडचा ताजा एसईएफडी (अँटेना किती संवेदनशील आहे त्याचा आकडा), आणि गेल्या सहा महिन्यांत काय उघडून परत बसवलं. चौथा प्रश्न गाळू नका.

गोठवायचं म्हणाल तर आठवडा आधी. त्यानंतर फाइलला हात नाही. चौदापैकी कुठलंही घ्या.

लॅगखिडकी

मी डेटा जिथे येऊन पडतो त्या टोकाला बसतो. वरचं सगळं मान्य, माझ्या दोन मागण्या जोडतो.

पहिली, डेटाची वाट. शेड्यूलमध्ये रेकॉर्डिंग साठ टक्के वेळ धरलं तर 512 मेगाबिटने एका स्टेशनचे दिवसाला साधारण 3.3 टेराबाइट होतात. नेटवर खरोखर 500 मेगाबिट मिळत असेल तर पंधरा तासांत येतात, म्हणजे रोजचं रोज उरकतं. 100 मिळत असेल तर एका दिवसाच्या डेटाला तीन दिवस लागतात, आणि पाच दिवसांचा डेटा यायला पंधरा. त्या हळू स्टेशनला 'तुमचं नेट किती' असं विचारू नका, करारावरचा आकडा सांगतील. आज शंभर गीगाबाइटची फाइल पाठवायला सांगा आणि घड्याळ लावा. फारच रखडलं तर सरळ डिस्क कुरिअरने मागवा, पण ते आत्ता ठरवा. रिकाम्या डिस्क तिकडे पोचायलाही दिवस लागतात.

दुसरी, फ्रिंज टेस्ट, म्हणजे स्टेशनांचे सिग्नल एकमेकांशी जुळतात का (जुळले की फ्रिंज मिळते) याची चाचणी. आठवडा आधी, सहाही स्टेशनं, तासभर, आणि मोहिमेत जे सेटिंग असेल तंतोतंत तेच. 'साधारण तेच' चालणार नाही. स्रोत निवडताना जपून. सगळे सवयीने 0059+581 हा क्वेसार घालतात, पण त्याचं डेक्लिनेशन +58 आहे, म्हणजे तो आकाशात फार उत्तरेला, तुमच्या दक्षिणेकडच्या दोघांना तो क्षितिजाच्या वर नीट येणारच नाही. 4सी39.25 हा दुसरा क्वेसार त्यातल्या त्यात बरा, तरी फार दक्षिणेला असाल तर तोही जेमतेम डोकं वर काढतो. दोन-तीन स्रोत ठेवा, म्हणजे प्रत्येक स्टेशन निदान एका तरी भक्कम बेसलाइनवर येईल.

आणि घड्याळाचा फरक कळवताना चिन्ह. जीपीएस वजा फॉर्मॅटर (डेटावर वेळ टाकणारं यंत्र) की फॉर्मॅटर वजा जीपीएस, हे शब्दांत लिहून मागा. फ्रिंज शोधायची माझी नेहमीची खिडकी ±1 मायक्रोसेकंदाची असते. तुमचं घड्याळ 4 मायक्रोसेकंद पुढे असेल आणि मी ते मागे धरलं तर मी 8 मायक्रोसेकंद चुकीच्या जागी शोधतोय. प्रकाशाच्या हिशोबात 2.4 किलोमीटर! 27 फेब्रुवारी 2010 च्या भूकंपात चिलीतल्या कॉन्सेप्सिऑनचं स्टेशन सुमारे 3 मीटर सरकलं, ते 10 नॅनोसेकंद झाले. तेवढं माझ्या खिडकीत आरामात मावतं. वजाबाकीचं चिन्ह मावत नाही.

जेनिथ

रात्रपाळी यांच्या 'चौदापैकी कुठलंही घ्या'ला माझा विरोध नोंदवतो. कुठलंही नाही चालणार. प्रत्येक स्टेशनवरून थोड्या थोड्या वेळाने उंच आणि खाली, दोन्हीकडचे स्रोत दिसले नाहीत तर वातावरणाचा विलंब, स्टेशनची उंची आणि घड्याळ हे तिघं एकमेकांत मिसळून जातात. समुद्रसपाटीला नुसत्या कोरड्या हवेचाच डोक्यावर 2.3 मीटरचा विलंब असतो, आणि 5 अंशांवर तो दहापटीच्या आसपास जातो. दोन स्टेशनांच्या छोट्या गटात एखाद्याला तासन् तास अडकवून ठेवणारं शेड्यूल कागदावर स्कॅनची संख्या छान दाखवतं आणि उंचीची वाट लावतं. रेसिड्युअल ताई, प्रत्येक स्टेशनचा तासातासाचा आकाशाचा नकाशा डोळ्यांनी बघा. बेरजेच्या एका आकड्यावर जाऊ नका.

जाता जाता, बॅरोमीटर. 1 हेक्टोपास्कलची चूक म्हणजे डोक्यावर 2.3 मिलिमीटर. सहापैकी किती जणांनी तो अलीकडे तपासलाय, विचारा. मी विचारलं होतं एकदा. एका ठिकाणी तो खिडकीत ठेवलेला होता आणि खिडकीखाली हीटर.

रात्रपाळी

जेनिथ, मान्य. 'कुठलंही' हा शब्द मागे घेतो. पण पंधरावं करायला लावू नका त्यांना.

मेसरबद्दल (स्टेशनच्या अणुघड्याळाबद्दल) लिहायचं राहिलं. पाचही दिवस मेसरच्या खोलीचं दार बंद. फॉर्मॅटरचं पुन्हा सिंक करायचं नाही, कोणाला कितीही चांगली कल्पना सुचली तरी. आमच्याकडे एका सहकाऱ्याने पाळी सुरू करताना आकडा 'नीटनेटका' दिसावा म्हणून सिंक केलं होतं, सेशनच्या मधोमध. लॉगमध्ये नोंद नाही. विश्लेषणवाल्यांना घड्याळाची उडी दिसली, त्यांनी आम्हाला नावं ठेवली. त्या तुम्हीच होतात की काय, कोण जाणे.

रेसिड्युअल

मी नव्हते! बहुतेक.

दहा दिवसांनी परत आलेय, कारण तुम्ही सांगितलेलं करून बघितलं. अकरावं शेड्यूल घेतलं. चौदाव्यात दक्षिणेकडचं एक स्टेशन दुसऱ्या दिवशी दोन तास फक्त एकाच जोडीदाराबरोबर होतं, नकाशे काढले तेव्हा दिसलं. सिम्युलेशनच्या सरासरीत ते कधीच दिसलं नव्हतं. देखभालीच्या वेळा विखरून टाकल्या. सहा तासवाल्यांना लेखी विचारल्यावर ते चारवर आले, आणि ते चार तास शेड्यूलमध्येच घातले. 'काय उघडलं होतं' या प्रश्नाला पाच जणांनी 'काही नाही' लिहिलं. सहाव्याने एस बँडचा रिसीव्हर काढून परत बसवल्याचं सांगितलं, म्हणून टेस्टमध्ये माझा सगळा डोळा त्याच्यावर.

तो पहिल्या फटक्यात आला, दोन्ही बँडमध्ये. फ्रिंज मिळाली नाही ती दुसऱ्याच एकाची, ज्याच्याकडे सगळं सुरळीत होतं. तीन तास त्या ऑपरेटरला आणि मला काही सुचेना. पोलरायझेशनची केबल बघितली, लोकल ऑसिलेटर बघितला, फेज कॅल बघितला. शेवटी लॅगखिडकी यांच्यासारख्याच एका भल्या माणसाने कोरिलेटरवर 1024 लॅगची (विलंबाच्या पायऱ्यांची) रुंद खिडकी लावली, आणि फ्रिंज 7.4 मायक्रोसेकंदावर निवांत बसलेली! रेडी मेसेजमध्ये (स्टेशन सुरुवातीला पाठवतं त्या निरोपात) घड्याळाचा फरक 3.7 लिहिला होता. चिन्ह शब्दांत मागितलं होतं हो मी, त्यांनी शब्दांत दिलंही होतं, पण शब्द एका बाजूला आणि आकडा दुसऱ्या बाजूचा.

फाइल काल गोठवली. हळू नेटवाल्याने 100 गीगाबाइट पाठवायला सव्वादोन तास घेतले, म्हणजे त्यांच्याकडून डिस्कच येणार. रिकाम्या डिस्क आज निघाल्या. आता एकच विचारायचंय: पाच रात्री फोन कोणाकडे असावा? सध्या यादीत फक्त माझा नंबर आहे.

रात्रपाळी

तुमचा असू द्या. पण दुसरा नंबर तुमच्यापासून आठ तास लांबच्या टाइमझोनमधल्या माणसाचा घ्या, आणि यादीत लिहा, कोणता यूटी ते कोणता यूटी कोणाला उठवायचं. तिसऱ्या रात्री तुमचा फोन तुम्हाला ऐकू येणार नाही.