जुन्या एस्टीमचा स्लो (पेडल न दाबता उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) एका जागी थांबेना, स्क्रू फिरवू द्यावा का?

अंबाजोगाईकर_एस्टीम
नमस्कार मंडळी. वडिलांची एस्टीम व्हीएक्सआय, २००४ मॉडेल, पेट्रोल. आधी एका गॅरेजला थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करायला दिली, तेव्हापासून ताल बिघडलाय. थंड असताना ठीक. इंजिन गरम झालं की लातूरला रेणापूर नाक्यावर उभं राहिलं तरी आरपीएमचा काटा अकराशेवरून एकोणीसशे, परत अकराशे, नुसता झोके घ्यायलाय. शेजारचा रिक्षावाला वळून बघायलाय, हे उगं रेस कामून मारायलंय म्हणून. पाय तर पेडलवर नाहीच! गंमत म्हणजे एसी लावला की झोके थांबतात. मिस्त्रीनं स्लोचा स्क्रू एकदा फिरवलाय, आता म्हणतो अजून थोडा फिरवतो, होईल बरोबर. फिरवू द्यावा का? ब्लूटूथवाला स्वस्तातला स्कॅनर लावून बघितला, कनेक्टच होईना.

जालना_रोड
ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉलवालं), दुसरं काही नाही. जुन्या गाड्यांची वाट लावली त्यानं. ऑक्टेन बूस्टर टाका.

मिस्त्री_नांदेडकर
जालनाभाऊ, प्रत्येक दुखण्याला ई-२०चं खापर नको. साध्या पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलं की साधारण साडेतेरा पट. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर शाबूत असेल तर एवढा फरक ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवून भरून काढतो. इथेनॉलनं जुनं रबर खराब होतं हे खरं, ते पाइप बदलावेत. पण असा एका लयीत झोका पेट्रोलनं येत नसतो. अन् ऑक्टेन बूस्टरचा स्लोशी काय संबंध?

अंबाजोगाईकर, स्क्रूला हात लावू देऊ नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना स्लोचा स्क्रू वेगळा, हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा वेगळा, दोन्ही कानानं ऐकून सेट करायचे. आम्ही सगळे त्यातच शिकलो. ती सवय हातातून जात नाही, म्हणून एमपीएफआयला (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या गाडीला) पण लोक स्क्रू पिळतात. इथं तो फक्त थ्रॉटलची पाती बोअरला घासून अडकू नये म्हणून टेकू आहे. गरम इंजिनचा स्लो ईसीएम ठरवतो, आयडल व्हॉल्व्हमधून हवा कमी-जास्त सोडून.

आता झोका. या गाडीला मॅप सेन्सर आहे, तो मॅनिफोल्डमधला दाब बघतो. कुठून चोरटी हवा शिरली की दाब वाढतो, ईसीएम त्या मानानं पेट्रोलही वाढवतो, म्हणून मिसिंग न होता आरपीएम चढतात. तिकडून टीपीएस (थ्रॉटलची पाती किती उघडी ते बघणारा सेन्सर) सांगतो की पाती बंद आहे. आरपीएम वर अन् पाय वर उचललेला, म्हणजे गाडी उतारावर असणार असं धरून ईसीएम इंजेक्टर बंद करतो. काटा पडला की चालू, चढला की बंद. एसी लावल्यावर थांबतं म्हणालात, तिथंच निदान झालं. कॉम्प्रेसरचं ओझं पडलं की काटा इंजेक्टर बंद होण्याच्या हद्दीपर्यंत पोचतच नाही.

हवा कुठून शिरायली ते बघायला स्कॅनर लागत नाही. फिल्टरच्या डब्याकडून येणारा मोठा पाइप थ्रॉटल बॉडीवरून सोडा. इंजिन गरम, स्लोवर. बाह्या वर करा, रेडिएटरचा फॅन कधीही लागतो. तळहात थ्रॉटलच्या तोंडावर सपाट दाबा. हात गच्च ओढला जाईल, घाबरू नका. इंजिन जागेवर मेलं तर हवा तोंडातूनच जात होती, म्हणजे स्क्रू नाहीतर आयडल व्हॉल्व्ह. हात लावूनही फडफडत चालत राहिलं तर गळती थ्रॉटलच्या पुढं, इंजिनकडं आहे. मग पक्कडीच्या जबड्याला फडकं गुंडाळून एकेक पाइप दाबत जा: ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणारा), कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ आणणारा). ज्याला दाबल्यावर काटा खाली बसला तो पाइप धरा. कशानंच फरक पडला नाही तर मॅनिफोल्डचं पॅकिंग नाहीतर इंजेक्टरच्या ओ-रिंग. (तोंडावर हात ठेवायची ही युक्ती मॅप सेन्सरच्या गाडीला. ज्या गाडीत हवेचं मीटर त्या मोठ्या पाइपात असतं, तिथं पाइप सोडला की सगळंच गणित बिघडतं.)

कार्ब क्लीनरचा फवारा मारूनही गळती सापडते, पण गरम एक्झॉस्टवर पडला तर भडका उडतो. माझ्याकडं पोरांना मी ते करू देत नाही.

परभणीचा_झेनवाला
किट होतं का कधी गाडीला? माझ्या झेनचं एलपीजी किट काढलं तेव्हा मॅनिफोल्डच्या निपलला रबरी टोपी लावून दिली होती. उन्हाळ्यात ती चिरली अन् सेम हाच प्रकार. दिसायला बारीक, पण पार वैताग आणला होता.

अंबाजोगाईकर_एस्टीम
किट कधीच नव्हतं. मिस्त्रीकाका, तुम्ही सांगितल्यासारखं केलं. तोंड दाबलं तरी इंजिन मरेना, भकभक करत चालूच. पीसीव्हीचा पाइप दाबला अन् काटा खाली. पाइप काढला तर वरून एकदम धडधाकट. क्लिपच्या खालच्या बाजूला, वळणावर, बोटानं वाकवलं की फट उघडायली. आतून रबर चिकट झालेलं. नवीन पाइप टाकला, झोके तिथंच बंद. मग काटा साडेअकराशेला अडकला, तो स्क्रूचा प्रताप. स्क्रू पूर्ण सैल करून लिव्हरला जेमतेम टेकेपर्यंत परत आणला, पाती अडकत नाही ते बघितलं, बॅटरीची निगेटिव्ह थोडा वेळ काढून ठेवली. आता साडेआठशेला स्थिर.

पण एसी लावला की आता सहाशेला येतो अन् डॅशबोर्ड थरथरतो. नवा आयडल व्हॉल्व्ह लै महाग सांगायलेत. संभाजीनगरला स्क्रॅपमध्ये एक मिळायलाय, घेऊ का?

मिस्त्री_नांदेडकर
थांबा, पैसे घालू नका. गळती अन् वाढवलेला स्क्रू, दोन्हींनी हा दोष झाकला होता, आता उघडा पडला. एसी बंद ठेवून हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवायचं बटण, सगळं एकदम चालू करा. त्यानंही काटा पडून खालीच राहिला तर व्हॉल्व्ह जाम आहे. काटा क्षणभर दबून परत जागेवर आला तर व्हॉल्व्ह बरा आहे, ईसीएमला एसी चालू झाल्याचा सिग्नलच पोचत नाही. मग एसीचं वायरिंग बघायचं.

जाम निघाला तर खोलून थ्रॉटल क्लीनरनं धुवा. आतला दांडा बोटानं दाबू किंवा ओढू नका. काळी खपली भिजू द्या, मऊ ब्रशनं काढा, बसवताना ओ-रिंग नवी. त्यानंतरही अडला तर स्क्रॅपचा घ्या, पण पार्ट नंबर जुळवून.

अन् थ्रॉटल बॉडीला जाणारे कूलंटचे बारके पाइप तेवढ्यात बघून घ्या. तेही त्याच वयाचे आहेत.