घाना-नायजेरियाकडे पहिल्यांदा निघताना काय तयारी केलीत? अनुभव सांगा

अनघा_डों
काल भाच्यासाठी माळ्यावरून बॅग उतरवली, तर आतल्या कप्प्यात माझं जुनं पिवळं कार्ड सापडलं. पीतज्वराच्या लशीचं. मग काय, दुपारभर मी आक्रात, घानाच्या राजधानीत! भाचा घानाला चाललाय, टेमा बंदराजवळच्या कारखान्यात. ताई रोज फोन करते, काय काय देऊ त्याच्यासोबत. म्हटलं इथेच विचारू.

सुरुवात मी करते. लस आधी. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं, म्हणून तिकिटाची वाट बघत बसू नका. माझ्या कार्डावर १० वर्षांची मुदत आहे, पण २०१६ला नियम बदलला. आता तेच जुनं कार्ड जन्मभर चालतं.

सासूबाईंनी तूरडाळ, साबुदाणा, गोडा मसाला असं सगळं बांधून दिलं होतं. डाळ आक्रातल्या भारतीय दुकानात मिळत होती. गोडा मसाला मात्र कुठेच नाही, तो न्याच.

जुना_खलाशी
जाताना तिकडचे लोक कार्ड बघतात, येताना आपले बघतात. नसेल तर मुंबईत उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आमच्यातल्या एकाची बायको बाहेर ताटकळत उभी आणि हा आत डांबलेला. लग्नाचा वाढदिवस होता म्हणे.

सुमेधा_क
अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर केंद्रावर आधी सांगा. आणि फोन करून वार विचारून जा. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरलेल्या वारीच देतात. आम्ही नाशिकहून मुंबईला जाऊन हात हलवत परत आलो होतो.

डॉ_चष्मेवाला
लशीचं सगळे बोलतात, मलेरियाचं कोणी बोलत नाही. तिकडे मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा. प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या. डॉक्सीसायक्लिन असेल तर तब्बल ४ आठवडे. ती रिकाम्या पोटी नको, आणि तिच्याने ऊन भाजतं. कुणाला कुठली चालेल ते आपापल्या डॉक्टरला विचारा, इथे नको. आणि आल्यावर ताप आला तर पहिलं वाक्य 'मी पश्चिम आफ्रिकेतून आलोय' हेच. 'व्हायरल असेल' म्हणून घरी बसू नका.

गप्पिष्ट
डॉक्टर, माझ्या गुडघ्याचं पण जरा विचारायचं होतं

डॉ_चष्मेवाला
नाही :)

लेगॉसवाली_वहिनी
आम्ही नायजेरियात होतो. तयारी काय करणार, जनरेटरच्या आवाजात झोपायची सवय करा! वीज आली की गल्लीतली पोरं एका सुरात 'अप नेपा!' ओरडायची. नेपा ही जुनी वीज कंपनी, ती केव्हाच मोडीत निघाली, पण आरोळी तीच राहिली. आमच्याकडे लोडशेडिंगला 'आली आली' व्हायचं ना, अगदी तस्सं.

एक मात्र ऐका. लष्करी छापाचे, हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका. सामान्य माणसाने ते घालायला तिकडे बंदी आहे, घानातही. आजकाल पोरांच्या अर्ध्या चड्ड्या त्याच छापाच्या असतात.

कुकर लागला, येते.

अनघा_डों
@वहिनी अगं बरं झालं सांगितलंस! दोन आहेत त्याच्या बॅगेत. आत्ता काढते.

शाकाहारी_पक्या
खायचे हाल होतील असं सगळे म्हणाले, तेवढे नाही झाले. सकाळी वाचे मिळतं, म्हणजे चवळी आणि भात एकत्र शिजवलेलं, पानात बांधून देतात. आपल्या डोळ्यांना लालसर खिचडीच. पण त्यावर शिटो घालू देऊ नका, त्या काळ्या चटणीत सुकी मासळी आणि सुकट असते. केलेवेले म्हणजे मसाला लावून तळलेली केळी, ती बिनधास्त. 'मांस नको' म्हटलं की रश्श्यातले तुकडे बाजूला करून उरलेलं प्रेमाने वाढतात. भांडू नका, भात-केळी खा.

मृण्मयी
सुकट असेल तर मी निघालेच :ड

बार्शीचा_बाप्या
उत्तर घानात टीझेड म्हणून घट्ट उकडीसारखं करतात, मक्याचं नाहीतर बाजरीचं. बाजरी मूळ तिकडचीच बरं का, मालीच्या बाजूची. आमच्या आईला सांगितलं तर म्हणते, काहीतरी सांगू नकोस, बाजरी आपलीच!

सुमेधा_क
घानात जन्माच्या वारावरून नाव ठेवतात, म्हणून वार विचारतात म्हणे? नवऱ्याचा सहकारी क्वामे, शनिवारचा.

शाकाहारी_पक्या
हो, शुक्रवारचा मुलगा कोफी. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते कोफी अन्नान शुक्रवारचेच. मी मंगळवारचा, तर ऑफिसात आठवडाभर क्वाबेना क्वाबेना. मुली वेगळ्या, रविवारची अकोसुआ, शनिवारची आमा.

मृण्मयी
मी रविवारची!! अकोसुआ मृण्मयी

गप्पिष्ट
मला माझा वार माहीत नाही. आई म्हणते पाऊस होता.

जुना_खलाशी
@अनघाताई भाचा डिसेंबरात पोचणार असेल तर व्हॅसलिन द्या. हरमॅटन म्हणजे सहाराकडून धूळ घेऊन येणारा कोरडा वारा, ओठ फुटतात, सूर्य धुरकट दिसतो. दमा असेल तर पंप जवळ हवा. आणि घरच्यांनी लक्षात ठेवा, टेमावरून ग्रीनविचची रेषाच जाते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी सातला फोन केलात तर तिकडे पोरगा दीड वाजता दचकून उठेल. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नको म्हणावं, पैसेसुद्धा नाहीत.

वेंगुर्ल्याचो_बी
आमचो धंदो काजूचो. आम्ही जातो आयव्हरी कोस्टला, आबिजान. तिकडे फ्रेंच, इंग्रजी फार चालत नाही, फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप भरून न्या. आमची कारखानदारी तिकडच्या कच्च्या बियांवरच चालते, कोकणातली बी पुरत नाही. सीझन साधारण फेब्रुवारीपासून. गोदामात पोती उघडून बिया कापून बघाव्या लागतात. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघतो त्यावर भाव ठरतो. तेव्हा बॅगेत पहिली कापायची कातर, मग कपडे. आणि हो, ती चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या नको.

बोंडं मात्र तिकडे बहुतेक टाकूनच देतात. झाडाखाली नुसता सडा.

पणजीकार
टाकून देतात????

मृण्मयी
पणजीकारांना पाणी द्या कोणीतरी

पणजीकार
हांव व्हिसा घेतां आतां. फेणीची भट्टी पण घेऊन जातो.

वेंगुर्ल्याचो_बी
भट्टी चेक-इनमध्ये :)

लेगॉसवाली_वहिनी
आले परत. बी भाऊ, तुमच्याकडे ओले काजूगर पाठवता का हो पुण्याला? गेल्या वर्षीचा भाव ऐकून चक्कर आली होती.