छावणीतली बाळंतीण म्हणते दूध आटलं. पावडर देऊ का?

प्रश्न
पुरानंतर निवारा छावणीत स्वयंसेविका म्हणून काम करतेय. आमच्या दालनात २४ दिवसांच्या बाळाची आई आहे. पाण्यातून बाहेर काढल्यापासून तिच्या सासूबाई म्हणतायत, "भ्यालेल्या बाईचं दूध बाळाला बाधतं, आणि आता ते आटलंयही." ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते. बाळाला छातीशी धरते, मिनिटभरात सोडवते. मदतीच्या सामानात दूध पावडरचे डबे आलेत, बाटल्यांसकट. सगळे म्हणतात देऊन टाक. माझा हात धजत नाही.

उत्तर (प्रसूती विभागात परिचारिका)
ताई, डबा थांबवा.

दूध आटणं वेगळं आणि पान्हा न फुटणं वेगळं. भीतीनं दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक नीट सुटत नाही, म्हणून पान्हा काही वेळ अडतो. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन मात्र बाळ जितकं ओढेल तितकं वाढतं. दूध आत असतं, उतरत नाही एवढंच. बाधण्यासारखं त्यात काही नसतं. पण आटलं म्हणून पाजणं सोडलं, तर ते खरंच कमी होतं.

सासूबाईंशी वाद घालू नका. सुनेला त्यांचाच शब्द पटणार आहे. जवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवायचं काम त्यांनाच सांगा. बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण घाला. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजू द्या. २४ तासांत निदान ६ वेळा लघवी होते का, मोजा. होत नसेल किंवा बाळ मलूल पडलं, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

उत्तर (दोन मुलांची आई)
भूकंपानंतर अशाच दालनात मी ११ दिवस काढले. दूध भरपूर होतं हो! पण समोर सगळे अनोळखी पुरुष. पाजायला मी अंधार पडेपर्यंत थांबायचे. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, ताप भरला. शेवटी एका बाईनं दोरीवर दोन चादरी टाकल्या, तेव्हा कुठे मोकळेपणी पाजता आलं. भिंतीकडे तोंड करून बसते म्हणालात, ते वाचून राहवलं नाही. तिला आधी आडोसा द्या.

उत्तर (मदतकार्यात बालपोषणाचं काम)
इंडोनेशियात २००६ च्या योग्यकार्ता भूकंपानंतर पावडर सरसकट वाटली गेली. ज्या बाळांना ती मिळाली, त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं. छावणीतलं पाणी आणि न उकळलेली बाटली यांनीच घात होतो.

आई दगावली किंवा बाळापासून दुरावली असेल तर पावडर लागतेच, आणि तेव्हा ती देताना घरच्यांना अपराधी वाटू देऊ नका. फक्त त्या एका बाळापुरती, उकळून किमान ७० अंश सेल्सिअस गरम असलेल्या पाण्यात कालवून, निववून, बाटलीऐवजी स्वच्छ वाटीनं. बाकीचे डबे आरोग्य पथकाच्या ताब्यात द्या.

प्रश्नकर्ती
कोपऱ्यात चादरी बांधल्या. सासूबाई स्वतःच बाहेर राखणीला बसल्यात, कुणाला फिरकू देत नाहीत. सकाळपासून बाळ ५ वेळा प्यायलंय. लघवी मोजतेय, आत्तापर्यंत ३.