'बुटातला खडा' इंग्रजीत कसा काढायचा?

उपशीर्षके

एका छोट्या इटालियन माहितीपटाची इंग्रजी सबटायटल्स करतेय आणि चार दिवस एकाच वाक्यापाशी अडले आहे.

उत्तर इटलीतलं बिएल्ला हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथल्या एका गिरणीत उभं आयुष्य काढलेल्या बाईंवर हा माहितीपट आहे. निवृत्तीच्या समारंभात त्या उठतात आणि सगळ्यांदेखत सांगतात, की ज्या विणीचं श्रेय तीस वर्षं साहेबांना मिळत आलं, ती वीण माझी होती. आवाज जराही चढत नाही. मग खाली बसतात आणि शेजारच्या बहिणीला म्हणतात, "मी सोनो तोल्ता उन सास्सोलीनो दाल्ला स्कार्पा."

म्हणजे, बुटातला एक खडा काढून टाकला. 'सास्सो' म्हणजे दगड आणि 'सास्सोलीनो' म्हणजे अगदी बारका खडा. तो बारकेपणा मला हातचा जाऊ द्यायचा नाही, कारण पुढच्याच क्षणी बहीण म्हणते, "आल्त्रो के सास्सोलीनो, एरा उन माचीन्यो!" खडा कसला, शिळा होती ती!

शब्दशः ठेवलं तर इंग्रजी प्रेक्षकाला खडा टोचतोय एवढं कळेल, पण तो *बोलून* काढला हे कळणार नाही. आणि दोन वाक्यं एकमेकांत अशी अडकली आहेत, की पहिल्यातली प्रतिमा सोडली तर दुसरं लटकतं. काय करावं?

चौकट

"आय गॉट दॅट ऑफ माय चेस्ट." शब्दकोशही हेच देतात आणि कानालाही सहज वाटतं. बहिणीचं वाक्य वजनाकडे वळवा, छातीवरून ओझं उतरलं असं काहीतरी.

जुना_विद्यार्थी

चौकट, तुमचा पर्याय चुकीचा नाही, पण या बाईंच्या तोंडी मला तो पटत नाही. 'ऑफ माय चेस्ट' म्हणजे मन मोकळं करणं. ते मैत्रिणीजवळ करता येतं, एखादी चूक कबूल करतानाही करता येतं, समोर कुणी आरोपी असावा लागत नाही. खड्याचं तसं नाही. इटालियनमध्ये बुटातला खडा काढला, म्हणजे कुणालातरी उत्तर दिलं. बरेच दिवस गप्प राहून, योग्य वेळ आल्यावर.

मी पेरुजात इटालियन शिकत होतो तेव्हा हा वाक्प्रचार सगळ्यात जास्त भेटला तो खेळाच्या पानांवर. हंगामभर टीका सोसलेला प्रशिक्षक मोठा सामना जिंकतो, पत्रकार परिषदेत जुन्या टीकाकारांना दोन वाक्यांत उत्तर देतो, आणि दुसऱ्या दिवशी मथळ्यात खडा असतो. राजकारणात तो फ्रान्चेस्को कोस्सिगांच्या नावाशी जोडला गेलाय. १९८५ ते १९९२ ते राष्ट्राध्यक्ष होते. पहिली काही वर्षं अगदी अबोल, आणि शेवटी शेवटी पक्षांवर आणि संस्थांवर उघड तुटून पडले. त्या हल्ल्यांना 'पिक्कोनाते' म्हणत, म्हणजे कुदळीचे घाव. खड्यापासून कुदळीपर्यंतचा प्रवासच झाला तो.

शेजारचे वाक्प्रचार पाहिले की याची जागा नीट कळते. 'स्पुतारे इल रोस्पो', बेडूक थुंकणं, म्हणजे घशात अडकलेलं एकदाचं बोलून टाकणं. आणि रागाने झाडायचं असेल तर 'ल्येने ओ देत्ते क्वात्त्रो', शब्दशः 'त्याला चार सांगितल्या'. आपण 'चार शब्द सुनावले' म्हणतो, तेच! त्यांनाही नेमके चारच कसे सुचले, याचं मला आजही नवल वाटतं. तुमच्या बाईंनी चार सुनावलेल्या नाहीत, म्हणून 'गेव्ह हिम अ पीस ऑफ माय माइंड' बाद. 'सेटल्ड अ स्कोअर'मध्ये उट्टं काढल्याचा वास येतो, तेही नको.

मराठीत मी 'सल काढला' म्हणेन. सल बारीक असतो आणि जुना असतो.

उपशीर्षके

'सल' वाचून मी खुर्चीत सरळ बसले. मला इंग्रजीत तेच हवंय: बारीक आणि जुनं. "देअर. आय'व्ह वॉन्टेड टू से दॅट फॉर इयर्स" असं लिहून पाहिलं. जुनेपण आलं, बोलणंही आलं, ४१ अक्षरांत एका ओळीत बसतंय. पण बारीक गेलं, आणि बहिणीला धरायला काही उरलं नाही.

शब्दखूण

सबटायटल्स मीही करते म्हणून सांगते. वाक्प्रचाराच्या बदल्यात वाक्प्रचारच द्यायचा, हा हट्ट सोडा. बहिणीला खड्याशी भांडायचं नाहीये, 'बारीक' या शब्दाशी भांडायचंय. तेव्हा पहिल्या वाक्यात 'लिटल' ठेवा आणि तिला तोच शब्द उचलू द्या:

"जस्ट अ लिटल समथिंग आय'व्ह बीन मीनिंग टू से."
"लिटल?"

बाकी काम तिचा चेहरा करेल. फक्त एक पाहा: बाई बोलताना पायाकडे बघतात का, बूट दिसतो का? दिसत असेल तर प्रतिमा सोडून चालणार नाही.

उपशीर्षके

आत्ताच पुन्हा पाहिलं. दोघी कमरेपासून वरच दिसतात, पाय चौकटीत नाहीत. हायसं वाटलं.

शब्दखूण, तुमचं वाक्य घेतेय, एक बदल करून. 'मीनिंग टू' म्हटलं की सांगायचं राहून गेलं, विसरलं, अशी छटा येते. या बाई एक दिवसही विसरल्या नव्हत्या. म्हणून:

"जस्ट अ लिटल समथिंग
आय'व्ह बीन वॉन्टिंग टू से."

पहिल्या ओळीत २३ अक्षरं, दुसरीत २५, मर्यादा ४२ची. पडद्यावर तीन सेकंद मिळतात, वाचून होतं.

बहिणीसाठी नुसतं "लिटल?" ठेवलं तर शिळा हरवते, आणि ती बोलतेही जरा लांब. म्हणून "लिटल? आफ्टर थर्टी इयर्स?" तीस वर्षांचा उल्लेख तिच्या तोंडी मुळात नाही, हे मला माहीत आहे. पण बाई आधीच्याच मिनिटात तो आकडा सांगतात, आणि शिळेचं वजन इंग्रजीत दुसरीकडे कुठे ठेवावं ते मला सापडलं नाही. जुना_विद्यार्थी, एवढी मोकळीक तुम्हाला चालेल का?

जुना_विद्यार्थी

चालेल. फक्त दुसरं प्रश्नचिन्ह काढा. मूळ वाक्यात ती विचारत नाहीये, ठणकावतेय. "लिटल? आफ्टर थर्टी इयर्स!"